एकशे अडतीस

पोरगं सीपीआरच्या तिसऱ्या मजल्यावर आलं,
मी नाईट संपवून रजिस्टर भरत होते.
म्हणालं, हैदर जमादारांच्या तुम्ही कोण?
मला वाटलं, कुठलं जुनं बिल राहिलंय.

रणधीर चौगुले. दिवसा उद्यमनगरात लेथवर,
रात्री हेडफोन. नखांत ग्रीसची काळी कड.
एक वायर माझ्या कानात दिली,
एक स्वतःच्या. "ऐका मावशी. ट्रान्स आहे."

आधी नुसते ठोके.
सवयीनं घड्याळाकडं बघून मोजले:
मिनिटाला एकशे अडतीस.
आमच्याकडं मॉनिटरवर एवढे दिसले
तर झोपलेल्या डॉक्टरला उठवतात.
मग धुकं सरकावं तसं काहीतरी,
आणि त्यातून
अब्बांची क्लॅरिनेट.

तो सिनेमा दोन आठवडे चालला, तोही गडहिंग्लजला.
नायिका गाडीत बसून गाव सोडते,
गाडी वळणाआड जाईपर्यंत ती धून. सव्वा मिनिट.
रेकॉर्डिंग पहाटे, दिवसा टांगे ऐकू यायचे म्हणून.
अब्बा वरात वाजवून सायकलवरून थेट स्टुडिओत,
बँडचा लाल कोट अंगावर तसाच.
दम पुरला नाही.
चौथ्या ओळीआधी श्वास आला, चांगला ऐकू येण्याएवढा.
परत घ्यायला टेप शिल्लक नव्हती.
साहेब म्हणाले, चालतंय, बैल हंबरतो त्याच्याखाली जाईल.
बैल काही नीट हंबरला नाही.
अब्बा तो श्वास जन्मभर सांगत राहिले,
उधारी सांगावी तसा, मान खाली घालून.

पोरानं बाकी सगळं काढलं होतं:
व्हायोलिनी, चाकाची करकर, बैल.
श्वास ठेवला.
ठोके बंद करून आठ वेळा लावला,
दरवेळी थोडा मोठा.
"इथं पब्लिक हात वर करून थांबतंय बघा.
मग सोडायचं."

मी वायर काढली.
अब्बांच्या शेवटच्या रात्री हेच मोजत बसले होते मी,
खाट नंबर नऊ, ऑक्सिजन चार लिटर,
एक,
मग वाट बघणं,
मग एक.
हे त्याला कसं सांगायचं.
"काढू का ते?" चेहरा बघून म्हणाला असणार.
नको, म्हटलं. पण आठ जास्त होतात.
सहा कर.

"नाव लावायचं होतं. सिनेमात नव्हतंच ओ त्यांचं."
नव्हतंच. 'आणि इतर' एवढंच होतं.
ते पडद्यावर आलं की अब्बा आम्हाला कोपरानं ढोसायचे:
इतर म्हणजे मी.
त्यानं मोबाईलवर दाखवलं. त्याचं नाव, मग फीट, मग अब्बांचं.
फीट म्हणजे पाय का रे?
"नाही ओ. म्हणजे..." बराच वेळ शब्द शोधला त्यानं,
"सोबत."

विसर्जनाच्या रात्री दीड वाजता
ड्युटीवरून निघाले, मिरजकर तिकटीला अडकले.
ट्रकवर भिंतीएवढे बॉक्स, दुकानांची शटरं थरथरत.
छातीत कुणीतरी दुसरंच राहायला आलेलं.
आणि ठोके थांबले.
हजारेक पोरांनी हात वर केले, तोंडं उघडी,
गुलालात फक्त दात दिसत होते,
आणि अब्बांनी श्वास घेतला.
मी पर्स काखेत धरून बोटांवर मोजू लागले.
सहाच.
ऐकलं होतं पोरानं.

मग जे सुटलं
त्यात माझी डाव्या पायाची चप्पल गेली.
शोधली नाही.