सपाट रेघ

डॉक्टर मगदूम, कान-नाक-घसा, मिरज.
त्यांच्या माडीवर मी तीन रविवार मोजत बसलो.
खोली चौदा बाय अकरा.
माईक त्यांच्या खुर्चीत, उशीवर उशी ठेवून,
बरोबर त्यांचं डोकं येतं तिथे.
शिट्टी तळापासून वर चढत जायची
आणि एका ठरावीक ठिकाणी
गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची.
तेही मी वहीत टिपलं.

कोपऱ्यांत गाद्या उभ्या केल्या.
वहिनींचं लग्नातलं कपाट चौघांनी बाहेर काढलं.
शंभर हर्ट्झला एक फुगवटा होता, तो दाबला.
तिसऱ्या संध्याकाळी स्क्रीनवर रेघ आली,
मे महिन्यात हरिपूरच्या घाटाशी
कृष्णा असते तशी. हलत नाही, बोलत नाही.
म्हटलं, सर, बघा, एकदम सपाट.
डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"आमच्यात अशी रेघ आली
की नातेवाइकांना आत बोलावतात."

मग स्वतःच्या कानांचा तक्ता दाखवला.
चार हजारांच्या पुढे उतार,
दंडोबाच्या मागच्या बाजूसारखा.
मी काही बोललो नाही. स्पीकर साडेसात लाखांचे होते.

कॅसेट त्यांनी रुमालात बांधून ठेवलेली.
उरूस, साल ब्याऐंशी, चिंचेखाली, मध्यरात्र.
गाणाऱ्याचं नाव शाईतून निघून गेलेलं, मालकंस तेवढा उरलेला.
चाळीस वर्षं ऐकलीय म्हणाले,
आधी वडिलांच्याच डबड्या टेपवर,
मग गाडीत, पेशंट संपल्यावर.
तबल्याची प्रत्येक चाट पाठ.

लावली.
तंबोऱ्याच्या तारा चार होत्या, चार ऐकू आल्या.
तबलजीच्या बोटात अंगठी होती.
कुणीतरी पानाची पिशवी उघडली.
आणि अगदी जवळ, टेपच्या शेजारी, दबक्या आवाजात:
"दादा, चहा सांगू?"
"नको. पोरगं झोपलंय मांडीवर."

डॉक्टर म्हणाले, मागं घ्या.
मी मागं घेतलं.
परत मागं घ्या.
सात वेळा तो अनाम गवई मध्यमावर येऊन टेकला
आणि सातही वेळा आम्ही त्याला तिथून उठवला.

खाली उतरताना मला वाटलं, जमलं.
असं काम सांगली-मिरजेत कुणी केलं नसेल.

तरी हात शिवशिवत होते म्हणून माईक घेऊन
सतारमेकर गल्लीत दस्तगीरभाईंकडे गेलो.
ते घोडीवर कानस फिरवत होते, जवारी काढत.
तार छेडली. माझ्या स्क्रीनवर बाभळ उगवली,
नुसते काटे, मोजायला जागा नाही.
म्हटलं, भाई, ही तर सगळी खरखर.
त्यांनी तारेखालचा दोरा केसभर सरकवला,
डोळे मिटले, म्हणाले,
"खराब दिसतंय ना? मग लागली."
मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

दिवाळीनंतर फोन.
"येता का जरा? गाणं ऐकता येईना झालंय.
त्या वाक्याची वाट बघत बसतो.
ते गेलं की पुढचा मालकंस नुसता आवाज होतो.
आणि मी तिथे होतो हो.
तिथे होतो आणि झोपलो होतो."

गेलो. गाद्या आडव्या झाल्या, झोपायच्या झाल्या.
कपाट आत आलं, काचा थरथरायला लागल्या.
शंभरचा फुगवटा परत आला,
मी त्याला हात लावला नाही.
टेप लावली. चिंचेखाली सगळं एकत्र गुरफटलेलं,
तारा, टाळी, खोकला, चहा.
डॉक्टरांनी मान मागे टाकली.
त्या जागी आले तेव्हा
त्यांचा हात खुर्चीवरून खाली आला,
मांडीवर काहीतरी असल्यासारखा
तिथेच राहिला.

बिल करताना अडलो.
काम काय लिहायचं?
"कपाट पूर्ववत ठेवणे" लिहिलं,
आणि समोर रक्कम न टाकता
सांगलीची सिटी बस पकडली.