सातचा मुहूर्त

पत्रिकेवरचा मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा.
शलाकानं स्वतःचा काढला: सकाळी सात.
"हॉल रिकामा असेल. सनईवाले साडेनऊला येतात,
मी फोन करून विचारलंय."
चोवीस वर्षांची आहे.
मी अजून 'बघू, विचारून सांगतो'च्या तयारीत
आणि तिचं सगळं विचारून झालेलं.

कर्वेनगरहून डीपी रोडपर्यंत रिक्षा.
मोजे उलटे, शिवण बाहेर.
शाळेत असताना रोज मी ते सुलटे करायचो,
ती रोज रडायची,
आणि मला वाटायचं, शिस्त लागतेय.

कार्यालयात फुलवाला शिडीवर.
एक बाई फरशी पुसत होत्या.
मी विचारलं, वास?
"फिनेल चालतं," ती म्हणाली, "अत्तर नाही.
गुलाबपाणी तर अजिबातच नाही."
इतकी वर्षं एका घरात राहून
मला हे माहीत नव्हतं.

ऋजुता खाली आली, केसांत अर्ध्याच पिना,
मेंदीचे हात मागे घेऊन चार पावलांवर थांबली.
दोघी बहिणींचं ठरलेलं असणार.
शलाकानं अक्षता मोजल्या. अकरा.
टाकल्या नाहीत,
पुढे होऊन एकेक दाणा तिच्या ओंजळीत ठेवला.
"टाकल्या की चेहऱ्याला लागतात.
तुला चालतं का, कुणी विचारलं?"
ऋजुता हसता हसता रडली, पिना सांडल्या.
शलाकानं त्या वेचल्या
आणि लांबीप्रमाणे खुर्चीवर लावून दिल्या.
तिच्या वतीनं काहीतरी समजावून सांगायला
माझं तोंड उघडलंच होतं.
मिटलं.

बारा सतराला हॉल भरलेला.
सनई, ताशा, कुणाच्या तरी हातात माईक.
अक्का म्हणाली, "शलाका दिसत नाही? बरं नाही का पुन्हा?"
तो 'पुन्हा' माझ्याच थापांचा हिशेब:
ताप, परीक्षा, पोट, कांजिण्या तर दोनदा.
"येऊन गेली," मी म्हटलं.
"कधी?"
"मुहूर्तावर."
अक्कानं असं पाहिलं, जणू मलाच बरं नाही.

येताना वरण आणि भात बांधून घेतला,
दोन डब्यांत, एकमेकांना न लागता.
घराची बेल काढली त्याला दोन वर्षं झाली.
तिच्या दाराखाली उजेडाची रेघ.
बोटानं दोनदा वाजवलं, थांबलो.

उत्तर नाही.
वीस आकडे थांबायचं, असं आमचं ठरलंय,
मग डबे ठेवून निघून जायचं.
पंधराला हात अजून कडीकडे जातो.
सोळा.