उतार

ताई म्हणाली, एक दिवस घेऊन जा तिला साइटवर,
ऊन लागलं की डोक्यातलं खूळ उतरेल.
म्हणून शनिवारी सकाळी सातला
घणसोलीच्या नाक्यावर आमू उभी.
भावाचे बूट, आत दोन-दोन मोजे,
आणि पिशवीत दहावीची मार्कशीट.
ही कशाला गं?
म्हणाली, कोणी विचारली तर.

सव्वीस वर्षांत मला कोणी विचारली नाही.

उलव्यात, खाडीच्या अंगाला,
अकरावा मजला. लिफ्टच्या जागी नुसतं चौकोनी भोक.
तिला आधी वाईट तेवढं दाखवलं.
माझे गुडघे, उंटासारखे घट्टे पडलेले.
सिमेंटने खाल्लेली बोटं,
रेशनच्या मशीनला ज्यांचे ठसे ओळखू येत नाहीत.
पावसाळ्यातल्या बिनकामाच्या आठवड्यांची वही.
आणि बायकांसाठी संडास नाही अख्ख्या बिल्डिंगमध्ये,
एक आहे सॅम्पल फ्लॅटमध्ये, त्याला कुलूप,
किल्ली गड्डम सुपरवायझरच्या खिशात.
ती अकरा मजले उतरली,
किल्ली मागितली,
घेऊन आली.
हे काही मी शिकवलं नव्हतं.

मग बाकीचं.
हा ओळंबा, फक्त वाऱ्याला घाबरतो.
ही पाणसळ. हा गुण्या.
इंचाचे सूत आठ, आणि माणसाची इज्जत
त्यातल्या एका सुतात असते.
दोरीने तीन, चार, पाच मोजून
भिंतीचा कोपरा काढून दाखवला
तर म्हणाली, मामा, हे तर प्रमेय!
परीक्षेत चार मार्कांना येतं.
असेल बाई.
आम्हाला दोन हजार स्क्वेअर फुटांना येतं.

मालद्याच्या रियाजुलने डब्यातली मासळी पुढे केली,
हिंदीत विचारलं, शाळा सुटली का?
ती म्हणाली, नाही, बघतेय
कुठली सुरू करायची ते.

दुपारी बाथरूममध्ये गेलो.
फरशी माझ्या हातची, परवाचीच.
तिने मगभर पाणी ओतलं, उगाच, गंमत म्हणून.
पाणी जाळीकडे निघालं, बरंचसं गेलंही,
पण दाराच्या कोपऱ्यात
तळहाताएवढं थांबून राहिलं.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.
वाळेल, मी म्हटलं.
ती म्हणाली, रोज?

वर ट्यूबलाइटची वायर हलत होती.
रियाजुल दारातून हळूच निघून गेला.

मग छिन्नी कुठाय विचारलं तिने.
पहिली टाइल मी फोडली, कारण चूक माझी होती.
दुसरी तिला फोडू दिली.
माल कालवताना तिचा हात जड पडला, पाणी जास्त झालं,
परत कालवला.
साडेपाचला मगभर पाणी पुन्हा ओतलं.
गेलं.
दोघांपैकी कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत.

येताना गाडीवर मागून एकच प्रश्न,
वागळे इस्टेटच्या आयटीआयचा फॉर्म कधीपर्यंत आहे?
मी म्हटलं, माहीत नाही, सोमवारी रजा टाकतो.
खाडा पडेल, पडू दे.

घरी ताई उंबऱ्यातच.
काय, उतरलं का डोक्यातलं?
मी चहा मागितला.
आमू पाय धुवायला आत गेली
आणि बराच वेळ आली नाही.
डोकावून बघतो तर मोरीत उकिडवी बसलेली,
तांब्याने थोडं थोडं सोडत,
आमच्या घरातलं पाणी
कुठे अडतं, ते पाहत.