खालून जा

विमान जुनं झालं म्हणून कोणी त्याला उडू नको म्हणत नाही.
फक्त म्हणतात, खालून जा.
एकोणतीस हजार फुटांवरची वाट
ज्यांची उंची नीट मोजलेली, त्यांची.
तू आपला ढगांतून, हेलकावे खात,
जास्तीचं इंधन जाळत जा.

मालक कुडचड्याचा. खाण बंद पडली, बार्जेस विकल्या,
हे आठ आसनांचं विमान तेवढं विकलं नाही.
माझ्याहून तीन वर्षांनी मोठं.
दाबोळीच्या हँगरात आलं तेव्हा
कॉकपिटला सिगारेटचा वास होता,
आणि समोरचा जाड काचेचा पडदा
उतू जाण्याआधीच्या दुधासारखा थरथरत होता.

अकरा आठवडे झाले.
बांगड्याची आतडी काढावीत तशा
आम्ही त्याच्या पोटातून वायरी उपसल्या.
त्रेसष्ट किलो. जोडांवर खाऱ्या हवेचा हिरवा कळंक.
फेर्मिनबाब म्हणाले, नकाशावर विश्वास ठेव, पण अर्धाच.
अठ्ठ्याण्णव साली कोणीतरी घाईत होता.
एक वायर कुठूनच येत नव्हती, कुठंच जात नव्हती.
दोन दिवस तिच्यात गेले.

जुना ट्रान्सपाँडर रडारनं विचारलं तरच बोलायचा.
नवा दर सेकंदाला, कोणी विचारो न विचारो,
मी इथे आहे, एवढ्या उंचीवर,
इकडे निघालोय.
फेर्मिनबाब स्वतःचा मोबाइल
जेवणाच्या रिकाम्या डब्यात बंद करून ठेवतात.
इतकं कोण सांगत सुटतं, म्हणाले,
आणि स्क्रू शेवटपर्यंत आवळला.

शुक्रवारी, नौदलाची उड्डाणं आटोपल्यावर,
पहिल्यांदा वीज सोडली.
पडदे उजळले, स्वच्छ, एकही ओरखडा नाही.
तपासणीच्या पेटीत आमची जागा उमटली:
अमेरिका. कान्सास.
नव्या यंत्राला वाटत होतं
आपण अजून कारखान्याच्या अंगणातच आहोत.
मी घाबरले. फेर्मिनबाबांनी वर बोट दाखवलं.
पत्र्याचं छप्पर. त्याला आभाळ दिसलेलंच नाही, बाये.

ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं.
पंखांवर दव. झुआरीकडून येणारा गार वारा.
आम्ही दोघं काहीच न बोलता उभे,
एक उपग्रह, तीन, पाच,
सातव्याला कान्सास पुसलं गेलं
आणि अंक सावकाश दाबोळीवर येऊन थांबले.

घरी चिखलीला पोचले तेव्हा बाबा जागे होते.
तेहतीस वर्षं बोटीवर, मुख्य आचारी.
गेलं वर्षभर पहाटे एकच विचारतात:
कुठलं बंदर?
आधी मी समजावत बसायचे.
आज हाताला धरून नुसतं व्हरांड्यात आणलं,
समोरच्या माडांखाली बसवलं.
बराच वेळ गेला.
मग म्हणाले, पाववाला अजून आला नाही?

हे सोमवारी फेर्मिनबाबांना सांगणार होते. राहिलं.
उंचीच्या चाचणीत दाबाच्या नळीला गळती निघाली,
शेपटीकडे कुठंतरी, केसाएवढी.
तिसऱ्यांदा साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.
चाकांना लाकडी ठोकळे लावलेलं विमान
हँगरात जागच्या जागी
मिनिटाला दीडशे फूट खाली येतंय.