वजनाची वही

आमच्या विमानात आठ माणसं बसतात
आणि कुणालाही आपली जागा निवडता येत नाही.
आधी पिशवी काट्यावर, मग टॅरोची गोणी,
मग माणूस.
मी आकडा वहीत लिहिते, मोठ्यानं वाचत नाही.
माझ्या आधीची बाई वाचायची.

केलेपी पहिल्यांदा आला तेव्हा एकशे एकोणसाठ.
छपरं घालणारा सुतार,
चर्चच्या गाण्यातला सगळ्यात खालचा सूर.
टोंगात माणसाला वजन असावं लागतं, त्याचं होतं:
सोयरीक जुळवताना, कुंपणाचं भांडण मिटवताना
आधी त्यालाच विचारत.
मी पायलटकडे पाहिलं. पायलटनं आभाळाकडे.
"तुमची पिशवी पुढच्या विमानानं," मी म्हटलं.
त्यानं आईच्या गोळ्या काढून खिशात घातल्या,
पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली
आणि मी सांगितलं तिथे जाऊन बसला.

तीन महिन्यांनी एकशे बेचाळीस.
गाल बसलेले, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं.
"अननस," तो म्हणाला. "एकवीस दिवस. अननस आणि पाणी."
मी टाळ्या वाजवल्या होत्या. आठवलं की लाज वाटते.
नाताळानंतर एकशे त्रेसष्ट.
ये रे माझ्या मागल्या.
त्यानं आकडा विचारला नाही,
मी पेन जरा जास्तच वेळ झटकत बसले.

मग दीड वर्ष तो बोटीनं गेला.
दोन रात्री लागतात, ओकाऱ्या होतात,
पण धक्क्यावर कुणी तोलत नाही.

परत आला तेव्हा हातात मुलीची शाळेची वही.
पुढे भागाकार, मागची पानं त्याची.
विमानाला उशीर होता, त्यानं दाखवली.

सोमवार. डबा घरून. उकडलेलं रताळं, मासा.
मंगळवार. तेच. कंटाळा आला तरी तेच.
पहाटे धक्क्यापर्यंत चालणं. काठी घेणे (कुत्री).
पाऊस असेल तर चर्चच्या पडवीत, चाळीस चकरा.
मेंढीची बरगडी महिन्यातून एकदा, तारीख घालून.
रविवार. ऊमु उघडेल. एक ताट.
त्याखाली बारीक अक्षरात:
बहीण रागावेल. रागावू दे.

"छपराचं लाकूड मी उन्हाळ्यात आणून ठेवतो," तो म्हणाला,
"आणि स्वतःच्या बाबतीत वादळ आलं की
हातोडा शोधत फिरायचो."

एका पानावर नुसत्या दोन ओळी होत्या.
अकरा तारीख: मामाचं मयत. सगळं खाल्लं.
बारा तारीख: डबा.
त्या दोन ओळींच्या मधे मी बराच वेळ पाहत राहिले.
तिथे शपथ नव्हती. स्वतःला दिलेली शिवी नव्हती.
निळी रेघ होती, छापील.

माझी वही सांगते:
एकशे एकोणपन्नास. एकशे सेहेचाळीस. सेहेचाळीस.
सत्तेचाळीस, तेव्हा त्याच्या मोठीचं लग्न झालं होतं.
एकशे एक्केचाळीस.
असं करत करत एकशे अठ्ठावीस.
पुन्हा एकशे अठ्ठावीस.
पुन्हा.
मला वाटलं काटा अडकला.
वीस किलोची तांदळाची गोणी ठेवून पाहिली:
वीस.
अशा आकड्याला कुणी हार घालत नाही,
अननसाचे एकवीस दिवस अजूनही लोक सांगतात.

आज त्याची पिशवी त्याच्यासोबत गेली.
आईच्या गोळ्या, करवत, दोन डबे.
बोलावणी अजून त्यालाच येतात, लग्नाची, कुंपणाची;
एका ताटानं शब्द काही हलका झाला नाही.

विमान ठिपका झालं.
मी दार लोटलं, चपला काढल्या,
नऊ वर्षांत पहिल्यांदा
टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला गेले.

आकडा आहे तो आहे. लिहिला, शेवटच्या पानावर.
उद्या मंगळवार.
रताळी आज रात्रीच उकडून ठेवते.