उतरताना

हिलाबाईंनी तिकीट दिलं तेव्हा
त्यांच्या डाव्या घोट्यावरचं प्लास्टर अजून ओलं होतं.
"माजा पाय नाय येनार, दिगंबर.
तुजे डोले पाठव."

नरिमन पॉइंट. बाल्कनीत शेवटून तिसरी रांग.
एसीचा गारठा, उंची अत्तरं,
आणि माझ्या नखांत
कितीही घासली तरी उरणारी पांढरी भुकटी.

एकवीस वर्षं पाय बांधतोय मी, परळला.
शिडीवरून, स्कूटरवरून, मोरीत घसरून
मोडलेलेच येतात माझ्याकडे.
धड पाय बघायची सवय नाही.
पडदा वर गेला, लोक चेहरे बघत होते,
मी अंगठे.

सगळं शरीर, सगळं,
एका अंगठ्यावर.
पोटात ढवळलं.
मनातल्या मनात मी पट्टी भिजवली, पिळली,
तिची टाच तळहातावर घेतली.
टेक ना गं पोरी, जरा टेक.

ती टेकेना.
गोष्ट काय होती कळलं नाही,
कुणीतरी कुणालातरी सोडून जात होतं.
पण व्हायोलिनांच्या खालून
एक आवाज येत होता, ज्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं:
ठक्. ठक् ठक्.
लाकडी फळ्यांवर कडक बूट.
म्हणजे वजन होतं तर तिला.
तेव्हा कुठे मला धीर आला.

दुसऱ्या अंकात तिनं उडी घेतली
आणि उतरताना घोटा
कागदाच्या कडेएवढा
आत वळला.
हसू तसंच. हात तसेच, पाण्यावर ठेवल्यासारखे.
हजार माणसांत कुणाला दिसलं असेल?
माझा श्वास मात्र तिथेच अडकला, त्या घोट्यात,
आणि शेजारच्या अनोळखी बाईनं
माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला.

टाळ्यांसाठी सगळे उभे राहिले.
मला गुडघेच सापडेनात.

रात्री बस स्टॉपवर कुणी नाहीसं बघून
खांब धरला, टाचा उचलल्या.
तीन सेकंद. पोटऱ्या पेटल्या.
बस कधी येऊन थांबली, कळलंच नाही.
"चढा ना काका," कंडक्टर म्हणाला,
"वर काय शोधताय?"

सहा आठवड्यांनी करवत लावून
हिलाबाईंचं प्लास्टर कापलं.
आत सुकलेला, सालपटलेला, लहान झालेला पाय.
कपडे, संगीत, काही विचारलं नाही त्यांनी.
एवढंच:
"उतरताना आवाज झाला?"
"एकदा."
त्यांनी मान हलवली,
आणि पांढऱ्या भुग्यात
पाचही बोटं
हळूहळू
लांब केली.