साबण काळा होईपर्यंत

पहिली नळी वाकवताना बाबांनी घाई केली.
बर्चच्या ओंडक्याला टेकवली, गुडघा लावला, एकदाच जोर.
आतल्या बाजूला चूण पडली,
रुसलेल्या ओठासारखी.
फेकली नाही त्यांनी. खिळ्याला टांगली
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरशेजारी,
म्हणजे रोज दिसेल.

दुसरी नळी विकलेल्या बोटीच्या कठड्याची.
केमीत फेब्रुवारीत चारलाच अंधार पडतो.
गॅरेजमध्ये उणे सात, हीटर लालबुंद आणि निरुपयोगी.
मी टॉर्च धरून उभी.
टॉर्च धरणाऱ्याने बोलायचं नाही
हा आमच्या घरचा जुना कायदा.

या वेळी नळीत वाळू भरली,
सौनाच्या दगडांवर रात्रभर वाळवलेली,
कारण ओल राहिली तर वाफ होते
आणि बूच सुटून थेट कपाळात.
मग आईचा साबण घेऊन नळीवर घासला,
जिथे वळण यायचं तिथे, वीतभर.

"अ‍ॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही.
काही सांगत नाही, सांगत नाही,
आणि एकदम वितळून खाली पडतं.
म्हणून त्याच्या वतीने साबणाला बोलायला लावायचं."
वर्षभरातलं हे त्यांचं सर्वात लांब वाक्य.
नळीबद्दल होतं.
आई तिथे असती तर हसली असती.

निळी ज्योत पुढे-मागे, पुढे-मागे.
साबण पिवळा, मग चहासारखा, मग काळा.
"बस."
आणि नळी वळली, काही कुरकुर न करता,
झोपेतल्या पोराचा हात वळावा तशी.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांचं
या धातूशी जमायचं नाही.
पण वाकलेलंही नुसतं सोडून चालत नाही:
ज्योतीने मऊ केलेलं मऊच राहतं,
पहिल्या भाराला मान टाकतं.
म्हणून बर्चच्या पट्ट्या, पत्त्याइतक्या पातळ,
रेझिन माखून एकेक आत सरकवल्या.
अकरा. बारावी अर्ध्यात अडली,
तिला हातोडीने समजावलं.

बाहेरून काहीच दिसत नाही.
आईच्या मांडीतही असंच आहे,
एक सळी, दोन स्क्रू.
सर्जनने पडद्यावर चित्र लावलं
तेव्हा बाबा उठून बाहेर गेले.
कॉफी मशीनचा दांडा ढिला आहे म्हणाले.

थंडीत रेझिन धरत नाही.
नळी सौनात टांगली, मंद शेकावर,
आणि शनिवार असून
घरात कोणी सौना घेतला नाही.
याहून मोठं काही
आमच्यात कोणी कोणासाठी केलेलं मला आठवत नाही.

रविवारी समुद्राच्या बर्फावर
आईची घसरगाडी, नवा दांडा.
दुखरा पाय पट्टीवर, चांगल्या पायाने रेटा.
सगळा भार तिने हातांवर टाकला.
बाबा तिच्याकडे नाही, वळणाकडे बघत होते.
मासे धरणाऱ्यांच्या भोकांपर्यंत गेली,
वळली, परत आली, गाल लाल.

"ताउनो," ती म्हणाली, "दोन बोटं खाली झालाय."

त्यांनी हातमोजा काढला,
वळणावर अंगठा दाबून पाहिला, बराच वेळ,
आणि खिशातून मोजपट्टी काढली,
जी चर्चमध्येही त्यांच्या खिशात असते.